विमानाच्या पोटातलं लाल फडकं

ते विमान अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पोलिसात माझी सगळी उमर गेली. खून बघितले, समुद्रानं परत आणून टाकलेली माणसं बघितली, रुळावरनं गोळा केलेली बघितली. त्यातलं बरंच आता पुसट झालं. पण वाळूवर पोट टेकून पडलेलं ते पांढरं विमान आणि त्याला ओढलेले दोरखंड हातात धरून उभी माणसं, हे काही पुसत नाही. नाव मी कुणाचं सांगणार नाही. माणसं अजून आहेत, कुणाला कशाला त्रास.

मी शिकले सातवीपर्यंत. माहेर झाईचं, समुद्रकाठचं गाव. बाप दुसऱ्याच्या वाडीत चिकू उतरवायचा. नवरा पोलिसात शिपाई होता, तो आजारानं गेला तेव्हा पदरात दोन पोरं होती. साहेब लोकांनी खटपट करून मला त्याच्या जागी घेतलं. पहिल्यांदा खाकी घातली तेव्हा सासू म्हणाली, "बाईमाणूस आणि पँटीत?" मी म्हटलं, "पँटीला पगार आहे, लुगड्याला नाही." पुढं तीच इस्त्री करून द्यायची. अशी मी शिपायाची हवालदार झाले, आणि निघताना सहायक फौजदार होऊन निघाले. ही गोष्ट नोकरीच्या शेवटच्या वर्षांमधली.

दिवसपाळी होती. सकाळची हजेरी झाली, कैद्यांना चहा झाला, आणि आमच्या हद्दीतल्या चिखले गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. किनाऱ्यावर विमान पडलंय म्हणे. ठाणे अंमलदाराला वाटलं, हा सकाळीच ताडी घेऊन बसलाय. त्यानं विचारलं, "कागदाचं की खरं?"

पाटील तापला. "तुमी या नि बघा. कागदाचं निघालं तर घडी करून खिशात घालून न्या."

आमचे मोठे साहेब, दोन शिपाई आणि मी, जीप काढून गेलो. विमान लहान होतं, चार माणसांचं. कुणा कारखानदाराचं खासगी. गुजरातच्या बाजूनं मुंबईला मालकाला आणायला निघालेलं. आत फक्त चालवणारा होता, पायलट.

असल्या लहान विमानाचे पाय वर गेल्यावर पोटात मिटतात आणि उतरायच्या वेळी बाहेर येतात. पाय म्हणजे चाकं. हे मला त्या दिवशीच कळलं. गावातल्या लोकांनी सांगितलं की विमानानं समुद्रावर घिरट्या घातल्या, मग खाली आलं तेव्हा त्याला पाय नव्हतेच. ओहोटी होती. ओहोटीला चिखल्याची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते. त्या वाळूवर ते पोटावर घसरत आलं. काठाशी एक बाई शिंपल्या वेचत होती. आवाज ऐकून ती पळाली, पण ज्या बाजूला पळाली त्याच बाजूला विमान फिरलं. पंखाचा तडाखा तिच्या पायावर बसला. गुडघ्याखाली पाय चेचला. पायलटच्या डोक्याला मार होता. दोघांना एकाच टेम्पोत घालून गावानं डहाणूला पाठवलं, बाईचा नवरा बरोबर गेला.

आम्ही पोचलो तर विमान पाण्याजवळ नव्हतंच. वर, सुरूच्या झाडांपाशी आणून ठेवलेलं. वाळूवर ओढत आणल्याचा रुंद पट्टा. साहेब भडकले.

"हे हलवलं कुणी? पंचनाम्याच्या आधी हात कुणी लावला?"

एक म्हातारा तांडेल पुढं आला. तांडेल म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो. म्हणाला, "साहेब, भरती लागली व्हती."

"मग?"

"मंग काय? पान्यात जाऊ द्यायचं? वर वढलं."

"अहो, ते विमान आहे. तुमची होडी नाही."

"दर्याच्या तोंडातून काढायची ती समदी होडीच, साहेब. कोनाची हाय ते मागून इचारायचं."

पाठीमागनं कुणी बाई बोलली, "नायतर आता पोलीस लोकांनाच पोवायला लागलं आसतं." लोक हसले. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि मला म्हणाले, "लिहा, जसं आहे तसं." मी लिहिलं. डाव्या बाजूचं चाक बाहेर लोंबतंय, बाकीची आत आहेत, असं लिहिलं. ते चाक लोंबतंय म्हणजे काय, याचा विचार त्या वेळी कुणीच केला नाही.

दवाखान्यात पायलटचा जबाब घ्यायला मीच गेले. तिशीचा असेल. डोक्याला पट्ट्या. माझी खाकी बघितल्यावर पहिलं विचारलं, "त्या ताई कशा आहेत?" मी सांगितलं, मोठ्या दवाखान्यात हलवतायत, गुजरातेत. मग तो हळूहळू बोलला. "डावं चाक बाहेर आलं नाही. सगळं करून बघितलं. एका बाजूला लंगडं उतरलं असतं तर विमान उलटून पेटलं असतं. म्हणून बाकीची दोन आत घेतली आणि पोटावर उतरवलं. वाळू मोकळी दिसली होती. ताई मला दिसल्याच नाहीत." मी जबाब वाचून दाखवला, त्यानं सही केली.

दोन दिवसांत मालकाचा मॅनेजर आला. बोलायला गोड. "मॅडम, मशीन आत्ताच सर्व्हिसिंग होऊन आलंय. पोरगा चाक काढायला विसरला. आता गोष्टी रचतोय." मुंबईहून विमान तपासणारे सरकारी साहेब आले. त्यांनी विमान उचलून धरलं, डावं चाक आतबाहेर करून बघितलं. चाक सरळ आत जायचं, सरळ बाहेर यायचं. कुठं अडकल्याची खूण नाही. त्यांनी जे बघितलं तेच सांगितलं. मी विचारलं, मग घिरट्या का घातल्या? मॅनेजर म्हणाला, "मजा. तरुण पोरं आहेत, किनारा बघत बसतात."

निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा पायलटवर दाखल झाला. चिखल्याच्या बाया ठाण्यावर आल्या. अंगणात बसल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "तुमच्यानं होत नसंल तर त्याला आमच्याकडं द्या. बोंबलासारखा काठीवर वाळत घालतो." दुसरीकडं पायलटचा बाप ठाण्याच्या बाकावर. एसटीवर ड्रायव्हर होता, निवृत्त झालेला. रोज यायचा, काही मागायचा नाही. मी एकदा चहा दिला तर म्हणाला, "मी इतकी वर्षं गाडी चालवली, बाई. पोराला सांगायचो, ब्रेक लागला नाही तर सांग ब्रेक लागला नाही. चुकलास तर सांग चुकलो. तो खोटं नाही बोलत." प्रत्येक बाप हेच सांगतो. तरी मी साहेबांना म्हटलं, "एकदा गावात विचारून बघू. विमान वर ओढताना त्यातलं काही कुणी काढलंय का."

साहेब म्हणाले, "विचारा. पण तो दवाखान्यातून सुटला की अटक करावी लागेल. वरून फोन येतायत."

मी आणि एक शिपाई चिखल्यात घरोघर गेलो. विचारलं, "विमानातून काही घेतलं का?" सगळ्यांचं एकच. "नाय." तांडेल म्हणाला, "देवीची आन, टाचनी पन नाय घेतली." मी चोरीच्या केसमध्ये किती लोकांना हा प्रश्न विचारला असेल. माणूस खोटं बोलत असला की आधी पोरांकडं बघतो, नाहीतर चुलीकडं. इथं कुणी कुठं बघितलं नाही. सरळ माझ्या तोंडाकडं बघून नाही म्हणाले. मला वाटलं, संपलं.

मग तलासरीला समन्स बजावायला गेले होते, बाजाराचा दिवस होता. चहाच्या टपरीवर एक माणूस माझ्याकडं बघत होता. बघतोय आणि बघत नाहीय असं. मी दुसरा चहा सांगितला आणि त्याच्याकडं सरकवला. तो पाड्यावरचा मजूर. चिखल्याला चिकूच्या वाडीत कामाला जायचा. त्या दिवशी आरडाओरडा ऐकून वाडीतले मजूरही धावले होते.

"बाई, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. मला उद्या परत त्याच वाडीत जायाचं हाय."

"नाव नाही येणार. बोल."

"मी डाव्या पंखाखाली व्हतो. पंख खांद्यावर घेतला, तर वर पोटातून लाल फडकं लोंबत व्हतं. म्हातारीनं धरून वढलं. टरकन फाटलं, नि ती तंगडी धपकन खाली आली. माझं टाळकंच फुटलं आसतं."

"तंगडी म्हणजे चाक?"

"चाकच. तवर आत आवळून बसलेलं."

"मग हे सांगितलं का नाही?"

"मला कोणी इचारलं? गावातल्यांना इचारत व्हता." चहा फुंकत म्हणाला, "नि म्हातारीनं ते फडकं डोक्याला लावलं, बाई. चिंधीला कोण डोकं लावतं? मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आम्ही दोघं हसलो."

"कोण म्हातारी?"

"जिचा पाय चेचला ना, तिची सासू."

जिची सून चेचली तीच बाई विमान ओढायला उभी होती, हे मला खरंच वाटेना. दुपारी तिच्या घरी गेले. ओटीवर बसून सुके बोंबील निवडत होती, मोठे एकीकडं, तुटके एकीकडं. मी खाली बसले आणि तुटके बाजूला काढायला लागले. तिनं माझ्या हाताकडं बघितलं. "कुठली गो तू?"

"झाईची."

"मंग हाताला सवय हाय. मला वाटलं पोलीस मोडून टाकनार समदे."

"मावशी, सुनेला टेम्पोत घातल्यावर तुम्ही विमान ओढायला गेलात?"

"टेम्पोत जागा नव्हती. घरी बसून काय करनार व्हती? हाताला काय तरी पायजे ना."

थोडा वेळ आम्ही दोघी निवडत राहिलो. मग मी म्हटलं, "विमानातून काय घेतलंत?"

"कितीदा सांगू? नाय गो घेतलं."

"लाल फडकं?"

तिचा हात थांबला. "ते घेतलं नाय. ते दिलं."

"कुणाला?"

"जिचं व्हतं तिला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या किनाऱ्यावर होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीला, देवीचं फडकं बांधतात. होडी फुटली, कामातून गेली, तर ते फडकं पायाखाली येऊ देत नाहीत. सोडून गावदेवीपाशी नेऊन बांधतात. मी झाईला लहानपणी हे बघितलेलं. पण विमानाचं आणि त्याचं नातं मी कुठून जोडणार? तिनं जोडलं होतं. ती म्हणाली, "एवडं उंच जातं. देवीचं काय तरी संगं असनारच ना? भायेर बांधलं तर वाऱ्यानं उडंल, म्हनून पोटात ठेवलं आसंल. मी वढलं तर थोडं तिकडंच ऱ्हायलं. तिची माफी मागितली नि गावदेवीला नेऊन बांधलं."

साऱ्या गावानं ते बघितलं होतं. आणि गावाला त्यात सांगण्यासारखं काहीच वाटलं नव्हतं. आम्ही घरोघर 'घेतलं का' विचारत होतो आणि ते खरं उत्तर देत होते.

मी तिला समजावलं. मावशी, ते देवीचं नाही, हात पुसायचं फडकं आहे, कुणाच्या तरी चुकीनं आत राहिलं, त्यानंच चाक अडकलं. त्या पोराला धरणार आहेत. फडकं द्या, आणि तुम्ही ते कुठून काढलं तेवढं सांगा.

ती उठली. टोपली आत नेऊन ठेवली, परत आली आणि उभ्या उभ्या बोलली. "बांधताना मी देवीला बोललेय. माज्या सुनेचा पाय राख, हे तुजं फडकं तुज्यापाशी आनून घातलंय. डाक्तर अजून सांगत नाय, ठेवनार का कापनार. आता मी जाऊन ते सोडू? सोडलं नि पाय गेला, मंग? तू देशील पाय?"

मी उठून निघाले.

ठाण्यात साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "जप्त करा. दोन शिपाई घ्या, काढून आणा."

मी म्हटलं, "साहेब, काढून आणू. पण ते विमानातलंच हे कोण सांगणार? गावदेवीवर हात टाकला तर एक पंच सही करायचा नाही. आणि म्हातारी बोलली नाही तर ते नुसतं लाल फडकं. असली फडकी तिथं पंचवीस आहेत."

साहेब कडक होते, पण ऐकणारे होते. पेन टेबलावर आपटत बसले. "उद्या त्या पोराला दवाखान्यातून सोडतायत. संध्याकाळपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं मला थांबता येणार नाही."

सकाळी मी म्हातारीकडं गेले आणि एवढंच म्हटलं, "चला, सुनेला बघून येऊ. मी नेते." ती लगेच तयार झाली. रात्रीच भाकरी करून ठेवली होती, बरोबर सुक्या बोंबलाची चटणी. रस्ताभर ती चटणीचा डबा मांडीवर धरून बसली. एकदाच बोलली, "तिला तिखट लागतं. दवाखान्यातलं पानीपानी जेवन तिला कसं जानार."

वॉर्डात गेलो. सून उशाला टेकून बसली होती, नवरा पायथ्याला. आईला बघून तो उठून बाहेर निघून गेला. माझी नजर पांघरुणावर गेली. एका बाजूला पांघरूण गुडघ्यापर्यंत उंच होतं, पुढं सपाट. म्हातारीनंही बघितलं. डबा धरून तशीच उभी राहिली.

"आये, बस," सून म्हणाली.

"कदी?"

"काल. त्यांना फोनवर तुला सांगवेना."

म्हातारी बसली. जिथं पाय नव्हता तिथं पांघरुणावर हात ठेवला, मग काढून घेतला. रडली नाही. डब्याचं झाकण काढायला गेली तर ते निघेना. सुनेनं डबा घेतला, झाकण काढलं, वास घेतला. "लसून जास्ती घातलंस."

"तुला आवडतं म्हनून."

"आवडतं. आपलं सांगितलं."

मी मागं सरकले होते. सुनेनं मला विचारलं, "पोलीसबाय, त्या पायलटला सोडला का?"

मी म्हटलं, "नाही. आज धरणार आहेत. चाक काढायला विसरला म्हणतात."

"इसरला नाय तो." तिनं डबा खाली ठेवला. "टेम्पोत माजा पाय त्यानंच मांडीवर धरलेला. त्याच्या डोक्यातलं रगत माज्या तोंडावर गलत व्हतं. पुसायला हात सोडला नाय त्यानं. सारका एकच बोलत व्हता, ताई, मी वढत होतो, चाक आलं नाही. ताई, चाक आलं नाही. डहाणूपर्यंत तेच. तिथं काय पोलीस व्हता का साहेब व्हता? मी अर्दी मेलेली. मला खोटं सांगून त्याला काय मिलनार व्हतं?"

"तू हे जबाबात का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"माजा जबाब घ्यायला आले तवा मला इचारलं, इमान किती लांब व्हतं, तू कुठं उभी व्हतीस. त्याचं कोनी इचारलं?"

म्हातारी सगळं ऐकत होती. तिनं भाकरी मोडून सुनेच्या हातात दिली, तिचं खाणं होईपर्यंत बसली, मग उठली. चिखल्याला उतरल्यावर घराकडं वळली नाही. सरळ सुरूच्या बनाच्या बाजूनं गावदेवीकडं चालायला लागली आणि मागं न बघता म्हणाली, "बोलव तुजे पंच."

मी फोन केला तसे साहेब आले, तांडेल आला, एक वाडीवाला आला. हळूहळू अर्धं गाव येऊन उभं राहिलं, पण लांब. गावदेवी म्हणजे शेंदूर लावलेले दगड आणि वर फांदीला बांधलेली फडकी. म्हातारीनं मला हात लावू दिला नाही. स्वतः टाचा उंच करून गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसलेली, तिनं दातांनी सोडवली. फडकं हातात घेऊन देवीपुढं उभी राहिली आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"माजं नाय केलंस. आता त्याचं तरी कर."

मग लुगड्याच्या पदराची एक पट्टी फाडली आणि त्या जागी बांधली. फडकं माझ्या हातात न देता मी अंथरलेल्या कागदावर ठेवलं. एक बाजू शिवलेली, एक बाजू फाटलेली, आणि सगळीकडं काळं ग्रीस. पंचांसमोर तिनं सांगितलं, डाव्या पंखाखालून, पोटातून, माझ्या हातानं ओढलं, आणि ओढल्यावर चाक खाली पडलं. तांडेल म्हणाला, "आमी समद्यांनी बघितलं." साहेब त्याच्याकडं बघत राहिले. तांडेल म्हणाला, "तुमी इचारलंत घेतलं का. घेतलं कोनी?"

संध्याकाळी पायलटला अटक झाली नाही. नोटीस देऊन घरी सोडला. एक नातेवाईक मोटरसायकल घेऊन आला होता, बापानं पोराला तिच्यावर बसवलं नाही, म्हणाला, "एसटीनं जाऊ. आज मला कुणावर भरवसा नाही." फडकं लाखेचं सील लावून पाठवलं. विमान तपासणाऱ्या साहेबांनी चाकाच्या सांध्यातलं ग्रीस खरवडून परत बघितलं, तर आत लाल धागे पीळ खाऊन बसलेले. फाटलेल्या बाजूशी जुळले. फडकं चाकाच्या दांड्याला गुंडाळलं गेलं होतं. सर्व्हिसिंगच्या वेळी आत राहिलेलं. सुनेचा जबाब परत घेतला, या वेळी तिला बोलू दिलं. पायलटवरचं बालंट गेलं.

पण फडकं कुणाचं तरी होतंच. ते ज्याचं होतं तो मेकॅनिक, पन्नाशीचा माणूस, बोलावल्यावर आला आणि फोटो बघून म्हणाला, "माझंच आहे." त्यानं काही लपवलं नाही. सर्व्हिसिंगच्या दिवशी मॅनेजर घाई घाई करत डोक्यावर उभा होता, मी खिशातनं फडकं काढून आत टेकवलं आणि विसरलो, एवढंच म्हणाला. साहेबांनी मॅनेजरलाही बोलावून घेतलं, त्याचाही जबाब झाला. कोर्टात ते चालू असतानाच माझी नोकरी संपली. एकाला सोडवलं तेव्हा दुसऱ्याला उभं केलं, याचा मला आनंद झाला नाही. खोटं मात्र कुणाच्या माथी बसलं नाही, तेवढं समाधान.

नंतर एकदा पायलट आणि त्याचा बाप चिखल्याला आले, मी बरोबर होते. सून लाकडी पाय लावून अंगणात जवळा पसरत होती. पोरगा अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. तिनंच त्याला बस म्हटलं. म्हणाली, "आता उडतोस का?"

"सुरू करतोय, ताई."

"उतरायच्या आदी पाय मोजत जा. तुज्या इमानाला तीन हायत. माजा हा एकच ऱ्हायलाय, तो नको घेऊस." पोरगा मान खाली घालून बसला तर तीच हसली. "अरे, हस की. मी हसते तर तुला काय झालं?" म्हातारी आतनं पाणी घेऊन आली. त्याच्या डोक्यावरच्या जखमेच्या वणावर बोट ठेवून बघितलं, आणि त्याच्या बापाला म्हणाली, "बरी भरली."

या केसनंतर मी माझं विचारणं बदललं. 'काय घेतलं', 'कुणी केलं' हे सुरुवातीला विचारायचं सोडलं. 'त्या दिवशी काय काय झालं ते सांगा' म्हणायचे, आणि गप्प बसायचे. माणसं सांगतात. आपण दार जेवढं उघडू तेवढ्यातूनच ती आत येतात. नवीन पोरी भरती झाल्या की मी त्यांना एवढंच सांगायचे.

आणि गावदेवीच्या त्या पंचनाम्यात मी एक केलं होतं, ते मला अजून बरोबर वाटतं. वस्तू कुणी काढून दिली की आम्ही लिहितो, 'स्वखुशीने काढून दिली.' तसं लिहायची रीतच आहे, कुणी विचारही करत नाही. मी तिथवर लिहीत आले आणि थांबले. साहेब माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "स्वखुशीने राहिलं."

मी म्हटलं, "साहेब, खुशी नव्हती. आपणहून लिहिते."

साहेबांनी म्हातारीकडं बघितलं. ती वाळूत बसून पायाला लागलेली वाळू झाडत होती. ते म्हणाले, "लिहा."